गिलाव्याखालची कमान

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरातल्या एका जुन्या बागेत गाड्यांच्या रस्त्याखालून पायवाट जाते. वर कमान, आत दोन माणसं शेजारून चालतील एवढीच जागा. दर पावसाळ्यात गळते म्हणून कुणा कंत्राटदाराने आतून सिमेंटचा गिलावा मारला होता. तो फुगला, तेव्हा वरून आणखी एक थर द्यायचं घाटत होतं. मला पाहणीला बोलावलं.

ऊन चढायच्या आत, सकाळी साडेसहालाच पोचले. मिस्त्रीकाका हातोडीने ठोकत, कान लावत पुढे सरकत होते. एका जागी आवाज पोकळ आला. "मॅडम, इथं सुटून राह्यलं." छिन्नी लावली तशी तळहाताएवढी खपली हातात आली. तिच्या पाठीला पांढरा खार आणि विटेचा लाल भुगा. आत विटेची एक ओळ, कामठीकडच्या पिवळसर वाळूच्या दगडाची एक, पुन्हा वीट. माझ्या अंगावर काटाच आला.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधली एन्डेल कमान मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. वास्तुरचनाकार कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी 1860 च्या दशकात बांधलेली. तिलाही असेच पट्टे: बाहेर पिवळ्या आणि तपकिरी दगडाचे, आत पाइन आणि काळ्या अक्रोडाच्या फळ्या आलटूनपालटून. वरून बग्ग्या जायच्या, खालून माणसं. आणि त्या काळोख्या वाटेतून बाहेर पडलं की समोर अख्खं कुरण उघडतं. तो काळोख मुद्दाम योजलेला आहे. आतलं लाकूडकाम वर्षानुवर्षं रंगाखाली दडलं होतं, ते 2020 च्या दुरुस्तीत पुन्हा दिसू लागलं.

आमच्या कमानीचं दुखणं वरच्या मातीत होतं. माती पाणी धरते, ते विटेत उतरतं. चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू सुकतं; सिमेंट मात्र वाट अडवतं, मग खार विटेतच साठतो आणि विटेची सालं निघतात. दुसरा थर दिला असता तर पाच-सहा पावसाळ्यांत विटाच राहिल्या नसत्या. आधी वरचा निचरा, मग चुना, असं मी तिथेच बाकावर बसून लिहून दिलं आणि गिलाव्याचं काम थांबवलं.

काकांनी दुपट्टा ओला करून ती उघडी जागा पुसली. पिवळा दगड गडद झाला. "किती दिवस झाकून ठेवलं होतं बा," म्हणत त्यांनी शेजारचा गिलावा ठोकायला घेतला.