तेरेखोल, शापोरा, मांडवी: जुन्या गोव्याची पायी वाट

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, पायी निघालं की तीन नद्या ओलांडाव्या लागतात. बांद्याला तेरेखोल, कोलवाळला शापोरा आणि पणजीला मांडवी. तिन्हींवर आता पूल आहेत, पण जुनी माणसं होडीने पार व्हायच्या जागेला अजून ‘तर’ म्हणतात. तर, तारू, तारणे, तारण ही सगळी एकाच घरची भावंडं. चर्चमध्ये आम्ही ‘तारण’ म्हणतो तेव्हा बुडणाऱ्याला पैलतीरी नेणं हा अर्थ असतो. सोसायटीत कर्ज काढायला गेलं की मात्र तारण म्हणजे गहाण टाकायची वस्तू. पदयात्रेला निघणाऱ्या पुष्कळांच्या मनात हे दोन अर्थ एकमेकांत गुंतलेले असतात. पाय गहाण टाकायचे, सत्तरेक किलोमीटर मोजून द्यायचे आणि बदल्यात मुलाची नोकरी किंवा आईचं दुखणं सोडवून घ्यायचं.

शुभवर्तमान नेमकं याच्या उलट सांगतं. तारण आधीच ठेवलं गेलंय, क्रुसावर, आणि ठेवणारे आपण नव्हे. बायबलमधल्या पत्रात संत पौलाने इफिसकरांना, म्हणजे इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलंय की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं. ते देवाचं दान आहे, कर्माची कमाई नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. हे मनात नीट बसलं की चालण्यातला जिवावरचा हट्ट आपोआप सुटतो. चालायचं ते आभार मानायला. आभार मानणाऱ्याला डांबरावर अनवाणी चालून तळवे भाजून घ्यायची किंवा पाण्यावाचून राहायची गरज नसते. पुढे पायांबद्दल इतकं लिहिलंय ते त्यासाठीच.

फेस्त 3 डिसेंबरला, त्याआधीची नऊ दिवसांची प्रार्थना म्हणजे नोव्हेना 24 नोव्हेंबरपासून. आम्ही 30 नोव्हेंबरला पहाटे साडेचारला सावंतवाडीच्या मिलाग्रिस (चमत्कारांची माता) चर्चच्या अंगणातून निघतो. 2005 मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला तेव्हापासून हे कॅथेड्रल, म्हणजे धर्मप्रांताचं मुख्य चर्च आहे. पहिला टप्पा इन्सुली, बांदा, पत्रादेवी, अदमासे वीस किलोमीटर. दुसरा पत्रादेवी ते म्हापसा, पंचविसाच्या आसपास. म्हापशाचं चर्च खरं संत जेरोमचं, पण लोक त्यालाही मिलाग्रिसच म्हणतात, आणि तिथल्या फेस्ताला तेल वाहायला हिंदू भाविकही रांगेत असतात. म्हणजे एका मिलाग्रिस मातेकडून निघून मुक्कामाला दुसरीकडे. तिसरा टप्पा म्हापसा ते जुनं गोवं, तेवीस किलोमीटर, रात्रीचा. 2 तारखेला दिवसभर झोप काढायची, मध्यरात्री निघायचं आणि उजाडायच्या सुमाराला जुनं गोवं गाठायचं. पर्वरीच्या रस्त्यावर दिवसा ऊनही सोसत नाही आणि गाड्याही.

दिवसाच्या दोन टप्प्यांत सकाळी अकरानंतर चालायचं नाही. या दिवसांत कोकणात पहाटे गारवा असतो, पण दुपारी पारा 32-33 अंशांवर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापतं. अकरा ते साडेतीन सावलीत. उकड्या तांदळाची पेज, लोणचं, कोकमाचं सरबत. तासाला अर्धा लिटर पाणी, तेही घोट-घोट. एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याचं माप आहे. मीठ अंदाजाने टाकलं की जास्त पडतं आणि मळमळतं. गुडघे दुखतात म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या घेणं हे सर्वांत वाईट. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर जातात.

वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा, आणि त्याला ठेवायचं पुढे. मागे ठेवलं तर तो विसाव्याच्या जागी पोचतो तेव्हा बाकीचे उठायला लागलेले असतात. त्याला विश्रांती अशी मिळतच नाही, आणि पंधराव्या किलोमीटरला तोच बसतो. रस्त्याची उजवी कड धरायची, समोरून येणारी गाडी दिसेल अशी. अंधारात एकामागे एक, अंगावर चमकणारे पट्टे, शेवटच्याच्या हातात लाल दिवा.

फोड एकाएकी येत नाही. आधी पंधरा-वीस मिनिटं ती जागा गरम लागते: टाचेची मागची कड, अंगठ्याची आतली बाजू, करंगळीचं टोक. बोट लावलं तर कातडी लालसर, किंचित सरकती. तेव्हाच थांबायचं, पाय पुसून कोरडा करायचा आणि कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावायची. सुरकुती राहिली तर तीच पुढच्या तासाला कातडी कापते. बरेच जण पुढच्या चर्चपर्यंत ओढू म्हणतात, आणि त्या दोन किलोमीटरांतच आत पाणी धरतं. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून आत पातळ सिंथेटिक आणि वर जाड असे दोन जोड घालायचे. बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत आणि अर्धा नंबर मोठे, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. नखं तीन दिवस आधी सरळ कापायची. मांड्या घासून सोलवटू नयेत म्हणून निघतानाच व्हॅसलिन. मधुमेह असेल त्याने प्रत्येक थांब्याला तळवे दुसऱ्याकडून बघून घ्यावेत. बधिर पायाला ती गरम जागा कळत नाही. अनवाणी चालायचा नवस त्याने बोलूच नये, आणि बोलला असेल तर आपल्या धर्मगुरूंकडे जावं. नवस बदलून द्यायची वाट चर्चने ठेवलेली आहे.

आता स्तुतीकडे येतो, कारण तिथेही चुका होतात. पहिल्या दोन तासांत उत्साहाने सगळी गाणी मोठ्याने म्हणून टाकली की बांद्यापर्यंत गळे बसतात. चढावर गाणं नकोच. इन्सुली घाट छोटा आहे, पण गात चढला की श्वास तुटतो. तिथे येशूच्या नावाची प्रार्थना: श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. दोन पावलं आत, तीन पावलं बाहेर. सपाटीवर जपमाळ. पाच रहस्यांची (येशू आणि मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांची) एक माळ सावकाश म्हटली तर वीस मिनिटं लागतात, आमच्या चालीने दीड किलोमीटरपेक्षा थोडं कमी. म्हणून आम्ही अंतर माळांवर मोजतो आणि तीन माळांनंतर बसतो. वार बघून रहस्यं घ्यायची: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची 2002 मध्ये जोडली गेली, जुन्या पुस्तिकांत ती नसतात, म्हणून छापील पान बरोबर ठेवावं.

वाहनांच्या आवाजात पुढच्याचं मागच्याला ऐकू जात नाही. रांग वीस-पंचवीस जणांची झाली की मागचे दोन ओळी मागे पडतात आणि प्रार्थनेचा गलका होतो. त्यावर उपाय स्तोत्रसंहितेतच, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातच आहे. 136 व्या स्तोत्राला 26 ओव्या, आणि प्रत्येकीचं पालुपद एकच, देवाची दया सनातन आहे एवढंच. पुढच्याने ओवी म्हणायची, पालुपद सगळ्यांनी. ओवी ऐकू आली नाही तरी पालुपद चुकत नाही. सृष्टी, मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, समुद्र, अरण्य, अन्न, सगळी यादी त्यात येते, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण तेच एक. मला वाटतं विश्वास असाच धरला जातो: पुढचं सगळं ऐकू येत नसतं, पालुपद मात्र येत असतं.

पायी यात्रेकरूंसाठी स्तोत्रसंहितेत वेगळी शिदोरीच आहे. 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रं, यरुशलेमेला चढून जाणाऱ्यांची. बहुतेक इतकी लहान की दोनदा म्हटली की पाठ होतात. 131, 133 आणि 134 तर तीनच ओव्यांची. आम्ही दिवसाला पाच घेतो. निघताना 121, ज्यात पाय घसरू न देणारा, दिवसा उन्हापासून आणि रात्री चंद्रापासून राखणारा देव आहे. दुपारच्या थकव्यात 130, खोलातून मारलेली हाक. त्यात हिशेबाची गोष्ट उघड सांगितलीय: देवाने पापं मोजायला घेतली तर कोण टिकेल? गहाणवटीची भाषा तिथे संपते.

ज्यांच्याकडे आपण जातो ते संत फ्रान्सिस झेवियर स्वतः चालणारेच होते. 6 मे 1542 ला ते गोव्याला उतरले. घंटा वाजवत रस्त्यांवरून फिरून मुलांना जमवायचे आणि प्रार्थना चालीवर शिकवायचे. दक्षिणेत मोत्यांच्या किनाऱ्यावर त्यांनी श्रद्धावचन आणि प्रभूची प्रार्थना तमिळमध्ये घोकून पाठ केली, गावोगाव चालत तीच म्हणून घेतली. 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या दारात, सांचियान बेटावर ते गेले. पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटतं की जुन्या गोव्यात जतन केलेला त्यांचा पवित्र देह जवळून दिसेल. दरवर्षी तसं नसतं. तिथल्या बाझिलिकेत, म्हणजे मानाच्या चर्चमध्ये, देहाची चांदीची पेटी उंचावर आहे, गोव्याच्याच कारागिरांनी 1637 च्या सुमारास घडवलेली. दर्शनासाठी देह खाली आणतात तो दहा वर्षांतून एकदा. मागचा सोहळा 5 जानेवारी 2025 ला संपला. हे आधी सांगितलं नाही तर पायऱ्यांवर पोचलेली माणसं हिरमुसतात.

आणखी एक. रात्री बारापासून उपाशी राहून ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सा या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायचं ही जुनी शिस्त होती. 1964 पासून नियम एका तासाचा आहे, पाणी आणि औषध त्यात धरत नाहीत, आजारी आणि वृद्धांना तर तोही नाही. तेवीस किलोमीटर रिकाम्या पोटी चालून मिस्साच्या रांगेत चक्कर येते ती या गैरसमजापायी. पणजीत पहाटे केळी आणि पाव खाऊन घ्यावा. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, आपल्याच चर्चमध्ये आधी करून निघावं, जुन्या गोव्यात रांग फार मोठी असते.

पणजीत मांडवी ओलांडताना जुन्या पुलाच्या पदपथावरून जायचं, नव्या अटल सेतूवर चालणाऱ्यांना वाव नाही. पुढे पाटो ते रायबंदर हा 1634 चा बांध, जवळजवळ तीन किलोमीटर. पहाटे चारच्या सुमाराला एका हाताला काळी मांडवी, दुसऱ्या हाताला कांदळवन आणि जुनी मिठागरं, चिखलाचा खारट वास. इथे आम्ही काही म्हणत नाही. फक्त बूट वाजतात. बांध संपताना 134 वं स्तोत्र, रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्यांसाठीचं, एकदाच.

बाझिलिकेच्या उघड्या जांभ्या दगडावर उजेड पडेपर्यंत मोजे बदलून पाय कोरडे करून घ्यायचे. आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांत, रविवारच्या मिस्सेतही ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत गात नाहीत, ते नाताळसाठी राखलेलं असतं. फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला मात्र गातात. तीन दिवसांत घोगरे झालेले आवाज त्यात मिसळतात, आणि टेकून बसलेली माणसंही तेवढ्यापुरती उभी राहतात.