तीन खाडे

मंगळवार, रात्री साडेदहा

पोळ्यांच्या मावशींचा आज तिसरा खाडा. आणि नेमकी आजच वाचनगटात रशियन क्रांतिकारक अलेक्सांद्रा कोलोन्ताईवर बोलायची पाळी माझी. दुपारी तिचा 1920 चा ‘साम्यवाद आणि कुटुंब’ हा निबंध पुन्हा काढून बसले. हातात पेन्सिल, आणि मनात धुसफूस: निदान एक फोन तरी करायचा ना! चार ओळींवर खुणा केल्यावर स्वतःचंच हसू आलं.

बाईचं म्हणणं तसं सरळ आहे. दिवसभर गिरणीत राबून आलेल्या बाईला घरी आल्यावर पुन्हा चूल पेटवावीच लागत असेल, तर नुसता मताधिकार मिळून ती सुटत नाही. स्वयंपाक, धुणं, मुलं सांभाळणं हे समाजाने उचलायचं. सार्वजनिक भोजनालयं काढा, धुलाईघरं काढा, पाळणाघरं काढा. हे ती नुसतं लिहीत बसली नव्हती. 1917 च्या क्रांतीनंतर ती समाजकल्याण खात्याची कमिसार होती, म्हणजे मंत्रीच. भोजनालयं निघालीही, पण यादवी आणि टंचाईच्या दिवसांत, त्यामुळे ताटात काय पडत असेल ते सांगायला नको. पुढे 1930 मध्ये कम्युनिस्ट पक्षाचा महिला विभागच बंद झाला, आणि 1936 मध्ये गर्भपातावर पुन्हा बंदी आली.

साडेपाचला कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात गेले. काउंटरच्या मागे, अर्धवट पडद्याआड चौघीजणी. दोघी लाटतायत, एक भाजतेय, एक तुपाचा हात फिरवून चळत रचतेय. तव्याशी उभी असलेली मधूनच मनगटाने कपाळ पुसत होती, बोटांना पीठ म्हणून. गल्ल्यावर मात्र एक दादा, पंख्याखाली. मी दहा पोळ्या मागितल्या आणि तिथेच मनात आलं, कोलोन्ताईबाई, तुमचं स्वयंपाकघर घराबाहेर आलं की हो! फक्त लाटणं काही हातातून सुटलं नाही.

तिच्या निबंधात एक बारीक जागा आहे, मला ती फार आवडते. सकाळी घरोघर जाऊन साफसफाई करणारी पगारी माणसं असतील असं ती म्हणते, तेव्हा स्पष्ट लिहिते की त्यात बायकाही असतील आणि पुरुषही. शंभरहून जास्त वर्षं झाली या वाक्याला. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाला बायकांची दिवसाला 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे, सगळ्यांची नव्हे.

गटात चर्चा रंगली ती नवरा किती मदत करतो यावरच. एक मैत्रीण म्हणाली, “आमच्याकडे अगदी फिफ्टी-फिफ्टी!” खरंच आहे तिचं. पण ते फिफ्टी-फिफ्टी सकाळी साडेसातला बेल वाजवणाऱ्या तिसऱ्या बाईच्या जिवावर चालतं, हे मला माहीत आहे, कारण माझ्याकडेही तसंच आहे. मी ते बोलून दाखवलं, जरा कडक आवाजात. चहा गार झाला सगळ्यांचा.

मला वाटतं कोलोन्ताई आज कामाची आहे ती इथे. बाईसाहेब आणि मोलकरीण दोघी बाया, म्हणून दोघींचं हित एकच, हे तिला कधी पटलं नाही. 1908 च्या डिसेंबरमध्ये पीटर्सबर्गला स्त्रियांची मोठी परिषद भरली, तिथे कामगार बायकांचा वेगळा आवाज उठवायची सगळी तयारी तिने केली होती. अटक टाळायला त्याच महिन्यात तिला देश सोडावा लागला. परतली ती थेट 1917 मध्ये. आणि रशियापर्यंत तरी कशाला जा? आपल्या पुण्यातच 1980 मध्ये मोलकरणींनी संप केला होता. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात आला 2008 मध्ये. स्त्रीमुक्तीवर तावातावाने बोलणाऱ्या आमच्या गटात मावशींना भरपगारी रजा किती द्यायची, हा विषय आजवर एकदाही निघालेला नाही. मीही काढला नव्हता.

नऊला मावशींचा फोन आला. नातवाला ताप होता, आता उतरलाय, उद्या येते. “ताई, तीन दिवसांचे खाडे कापून घ्या,” त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. मी म्हटलं, नाही कापणार. त्या जरा गप्प झाल्या. मग मी उगाच विचारलं, “या तीन दिवसांत घरी पोळ्या कोण करत होतं?”

“मीच की. आमच्या पंचवीस होतात.”