सोळा आण्यांचं वावर बाराचं कसं झालं?

यावल तालुक्यातल्या तापीकाठच्या भावकीतलं प्रकरण होतं. वावरं बांधाला बांध लागून, दोन्हींत केळी, माती दोन्हीकडे काळीच. तरी एकाचा एकरी आकार, म्हणजे शेतसारा, दुसऱ्याच्या पाऊणपट. "नाना, गटवारीत, जुन्या नंबरांचे गट करताना, आमचं क्षेत्र खाल्लं," हे त्यानं मला ठामपणे सांगितलं.

अशा वेळी गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढायचा आणि गुणाकार बुकाशी, म्हणजे क्षेत्राच्या हिशेबाच्या जुन्या वहीशी, क्षेत्र ताडायचं. मोजणीची साखळी 33 फुटी, तिचे 16 आणे; एक साखळी चौरस म्हणजे 1 गुंठा. क्षेत्र बरोबर निघालं. मग प्रतिबुक, म्हणजे जमिनीच्या प्रतीची नोंदवही, उघडलं.

विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या सर्व्हेच्या पद्धतीत शेताचे सारखे भाग पाडून प्रत्येक भागात मातीची खोली पाहत. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती म्हणजे 16 आणे, पूर्ण प्रत. दीड हात असेल तर 14. सवा हात 12. त्यात चुनखडी, वाळू, उतार, पुराचं पाणी असा प्रत्येक दोष एकेक प्रत खाली आणतो. दोषाच्या खुणा इतक्या बारीक असतात, की शाईचा डाग समजून त्या सुटतात. इथे दोन होत्या, चुनखडी आणि पूर. खोली पूर्ण, तरी प्रत बारा आण्यांवर. समजा 16 आण्यांच्या जमिनीचा दर एकरी 2 रुपये, तर शेजाऱ्याचा आकार 2 रुपये, ह्याचा दीड.

मुंबईच्या गव्हर्नरांचं धोरण खानदेशात खरं उतरलं ते या रकान्यांतून. एल्फिन्स्टननं 1819 मध्ये मक्तेदारी (सारावसुलीचा मक्ता देणं) बंद, प्रत्यक्ष लागवडीवर हलका सारा, नवे कर नाहीत, अशी तत्त्वं घातली. सर्व्हेनं पुढे ठरलेला सारा 30 वर्षं न वाढवण्याची हमी दिली. स्वखर्चानं विहीर खोदली तरी मुदतीत सारा वाढणार नव्हता. ही कुणब्याच्या खरोखर फायद्याची गोष्ट. पण सारा रोखीत ठरला आणि माल विकून वेळेवर भरायचा. पाऊस बुडाला की सावकाराकडे जावं लागे. साखळी शिवारात आली की सारा चढणार, ही लोकांची भीती मला रास्तच वाटते. लॉर्ड फॉकलंड गव्हर्नर असताना 1852 मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत सर्व्हेविरुद्ध लोक उठले, सरकारनं फौज आणली आणि मोजणी चालूच ठेवली.

प्रतिबुकाची नक्कल त्या भावकीला मिळाली. मात्र बांध सरकल्याची तक्रार असेल, तर तिच्यासाठी टिपण (मोजणीच्या मापांचा जुना नकाशा) आणि प्रत्यक्ष मोजणीच लागते. आकारावरून हद्द ठरत नाही.