इनबॉक्स भरलाय, म्हणून ओटीपी येईना

लातूर जिल्ह्यातल्या औशात तहसीलच्या रस्त्याला माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, फार्मर आयडी, ई-केवायसी, जे येईल ते काम. त्यातल्या बहुतेक कामांना ओटीपी लागतो आणि ओटीपी बघायला माणूस सरळ फोनच माझ्या हातात देतो, "ताई, तुम्हीच बघा." त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या लोकांच्या मेसेजमध्ये काय काय साचलेलं असतं ते मला रोज दिसतं. पाच मिनिटांत तीन लाखांचं कर्ज, कागदपत्रं नकोत. लातूर बायपासला एनए प्लॉट, बुकिंग चालू. दहावीचा निकाल लागला की क्लासवाल्यांचे मेसेज, मग घरात दहावीचं पोरगं असो नसो. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली, पण त्याआधीचे रमीचे मेसेज अजून तसेच पडून आहेत.

लोक याला कटकट म्हणतात आणि सोडून देतात. माझं म्हणणं आहे की यात माणसाचं रोख नुकसान होतं.

2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि आडतीतला भाव त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीसाठी ऑनलाइन नोंदणी करायची, मग माल कधी आणायचा ते मेसेजवर कळणार. मेसेज आल्याशिवाय ट्रॅक्टर भरून जाण्यात अर्थ नसतो. एका शेतकरी मामांची नोंदणी मीच केली होती. नंतर दुसऱ्याच कामाला ते आले, मी फोन उघडला, तर खरेदी केंद्राचा मेसेज खाली कुठंतरी दबलेला, तारीख उलटून गेलेली. वर सगळी कर्जाची रांग. मामा म्हणाले, "मी मेसेज बगतच नाही आता. टुंग टुंग वाजायचं म्हणून पोरानं आवाजच बंद करून दिला." तोवर त्यांनी अर्धा माल आडतीला घालून टाकला होता. उरलेल्या मालासाठी केंद्रावर चकरा मारल्या. आडतीत गेलेल्या मालाचा फरक मात्र गेला तो गेलाच. त्या पैशात रब्बीचं बियाणं आलं असतं.

यात मामांना काय बोलणार? शंभरातले नव्वद मेसेज आपल्या कामाचे नसले की माणूस उरलेले दहाही बघायचं सोडतो.

बटणाच्या फोनची तऱ्हा आणखी वेगळी. लाडक्या बहिणीची ई-केवायसी चालू होती तेव्हा बाईच्या आधारचा ओटीपी यायचा, आणि नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचाही. एक मावशी आल्या, स्वतःचा ओटीपी झाला. मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, येईना. मालक शेजारी उभे, हातात बटणाचा फोन, वायरीच्या रबरानं मागचं झाकण बांधलेलं. पुन्हा पाठवा, पुन्हा पाठवा. मागं रांग वाढत चालली. "रेंज नसंल," मालक म्हणाले. बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले, तरी नाही. मी फोन घेतला तर वरच्या कोपऱ्यात पाकिटाचं चिन्ह नुसतं उघडझाप करत होतं. म्हणजे मेसेजची जागा भरलेली. या फोनमध्ये ठरावीकच मेसेज मावतात, मग जुनं काढल्याशिवाय नवं आत येत नाही. इनबॉक्स उघडला तर एकही मेसेज त्या माणसाच्या कामाचा नव्हता. सगळ्या जाहिराती, त्याही इंग्रजीत. ज्याला वाचताच येत नाही, त्याच्या फोनची सगळी जागा त्यांनीच खाल्लेली. खालून एकेक पुसत आले आणि थोडी जागा होताच अडकलेले ओटीपी एकामागं एक धडाधड आत आले. सगळ्यांची मुदत संपलेली. नवीन मागवला, तो लगेच आला. मावशी म्हणाल्या, "दोन येळा रोजगार बुडवलाय मी." त्या आधी दुसरीकडं जाऊन, ओटीपी येत नाही म्हणून परत गेल्या होत्या.

तेव्हापासून काम झालं की मी विचारते, जाहिराती बंद करून देऊ का? याला कुठलं ॲप लागत नाही, बटणाच्या फोनवरही होतं. नवीन मेसेज काढायचा, इंग्रजीत 'स्टार्ट' लिहायचं, एक जागा सोडून शून्य, आणि 1909 ला पाठवायचं. पैसे पडत नाहीत. ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांनी त्याच नंबरला फोन लावला तरी चालतो. कंपनी कुठलीही असो, नंबर हाच. सगळंच बंद करायचं नसेल तर प्रकार निवडता येतात: बँक-कर्ज-विमा, जागा-प्लॉट, शिक्षण, आरोग्य, घरसामान आणि गाड्या, मनोरंजन, पर्यटन, खाणंपिणं. पोरगी नीटची तयारी करत असेल आणि क्लासची माहिती हवी असेल, तर शिक्षण चालू ठेवून बाकीचं बंद करा. मी मात्र बहुतेकांचं शून्यच करते.

इथं प्रत्येक जण एकच शंका काढतो, "बंद केलं तर पैसे जमा झाल्यालं कळायचं बंद हुईल का?" नाही होणार. भीती साहजिक आहे, कारण अनुदान आलं की नाही ते माणसाला मेसेजवरच कळतं. पण 1909 नं थांबतात त्या जाहिराती. ओटीपी, खात्यात जमा-नावे, गॅसचं बुकिंग, सरकारी सूचना हे चालूच राहतं. फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियमात दुरुस्ती केली, तेव्हापासून मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवेचा मेसेज, टी म्हणजे व्यवहाराचा, जी म्हणजे सरकारचा. इंग्रजी न येणाऱ्यांना मी एवढंच दाखवते: नावाच्या शेवटी उभी काठी आणि तिला वरच्या अंगाला उजवीकडं पोट असलं तर तो मेसेज न उघडता पुसून टाका. कागदावर मोठं काढून देते. एका आज्जीनं तो कागद फोनच्या कव्हरमध्येच घालून ठेवलाय.

एवढं करूनही काही येत राहतातच. कापड दुकानात, मोबाइलच्या दुकानात बिल करताना आपण नंबर देतो, कुठल्यातरी ॲपमध्ये 'मान्य आहे' दाबतो, ती आपली परवानगी धरली जाते. अशा मेसेजमध्येच बंद करायची सोय देणं आता कंपनीला बंधनकारक आहे. तरी त्रास चालू राहिला तर 1909 लाच तक्रार करायची. मेसेजचा मजकूर, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख द्यायची. आधी तीन दिवसांच्या आत करावी लागायची, आता सात दिवस मिळतात. माणसं तक्रार करत नाहीत, "आपल्या एकट्यानं काय हुतंय" म्हणतात. पण दहा दिवसांत एकाच पाठवणाऱ्याविरुद्ध पाच तक्रारी आल्या की कारवाईला सुरुवात करता येते. एका गल्लीतून पाच तक्रारी सहज होतील.

स्मार्टफोनवाल्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. फोटो, कंपनीचं चिन्ह, नावापुढं बरोबरची खूण, खाली दाबायची बटणं, असा मेसेज दिसला तर तो साधा एसएमएस नसतो. तो नेटवरून येतो, त्याला आरसीएस म्हणतात, आणि 1909 चा त्याच्यावर उपयोग होताना मला दिसलेला नाही. 2022 मध्ये भारतात अशा जाहिरातींची इतकी ओरड झाली की गुगलला काही काळ त्या थांबवाव्या लागल्या होत्या. आता पुन्हा येतात. गुगलच्या मेसेजेस ॲपमध्ये वर स्वतःच्या फोटोवर दाबा, मेसेजेसच्या सेटिंगमध्ये जा, आरसीएस चॅट बंद करा. आपल्याकडं फोटो-बिटो सगळे व्हॉट्सॲपवरच पाठवतात, त्यामुळं काही अडत नाही. तिथंच स्पॅमपासून संरक्षणाचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. आणि फोनसोबत आलेल्या मेसेजच्या ॲपमध्येच जाहिरातीच्या पट्ट्या दिसत असतील तर दुसरं साधं ॲप टाकून तेच कायमचं म्हणून निवडा. जुने मेसेज जात नाहीत, ते नव्या ॲपमध्येही दिसतात.

दहा आकडी नंबरवरून आलेला मेसेज मात्र जाहिरात समजून सोडून देऊ नका. "मागच्या महिन्याचं बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होईल, या नंबरला फोन करा" हा मेसेज आमच्या भागात किती घरी गेला असेल! महावितरण असल्या खासगी नंबरवरून मेसेज पाठवत नाही, त्यांनी तसं वारंवार जाहीर केलंय. पेरणीच्या दिवसांत मोटार बंद पडायच्या भीतीनं माणूस लगेच फोन लावतो, आणि चोराला तेच पाहिजे असतं. असा मेसेज सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर 'चक्षू' नावाची तक्रारीची सोय आहे, तिथं कळवा. पैसे गेलेच असतील तर उद्यावर न ढकलता ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 ला फोन करा, जितका उशीर तितके ते पैसे पुढं सरकतात.

माझं सोयाबीनची सरकारी खरेदी करणाऱ्या यंत्रणेकडंही एक मागणं आहे. माल आणायची तारीख कळवणारा मेसेज देवनागरीत पाठवा, एकदा पाठवून मोकळे होऊ नका, दोन दिवस आधी पुन्हा पाठवा, आणि यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या गावात लागतात, मग याची का लागू नये? 2025 ला हमीभाव 5328 झाला. हमीभावात आणि आडतीतल्या भावात क्विंटलमागं एवढा फरक पडत असताना सगळा भरवसा एका मेसेजवर ठेवणं शेतकऱ्यावर अन्याय आहे.

औशाकडं येणं झालं तर केंद्रावर या, मी बंद करून देते, त्याचे पैसे घेत नाही. फोन चार्ज करून आणा, आणि घरात दोन सिम असतील तर दोन्ही आणा, कारण 1909 ला प्रत्येक नंबरवरून वेगळं कळवावं लागतं.