आठशे मीटरनंतरची दहा मिनिटं

परभणीत डिसेंबरच्या पहाटेही पोलीस भरतीची पोरं-पोरी रस्त्यावर पळत असतात. त्यातलीच एक भावासोबत दवाखान्यात आली. "सर, पळायले तवर काय नाही. थांबले की छाती आवळायलीय." आठशे मीटर पूर्ण करायची आणि मग खोकत बसायची. एका डॉक्टरांनी छाती तपासून 'मनातली भीती' म्हणून परत पाठवलेलं. याचा मला फार राग येतो. बसल्याजागी हिची छाती साफच असणार. हा दमा पळवल्याशिवाय हाती लागत नाही.

भाऊ फार्मसीला. त्यानं मोबाईलवर १९८१चा एक शोधनिबंध काढला. "सर, निफेडिपिन चालेल का? आजोबांची बीपीची गोळी घरात आहे." प्रश्न चांगला होता. हे औषध स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून रक्तवाहिन्या सैलावतात. श्वासनलिकांभोवतीही तसेच स्नायू असतात, म्हणून दमेकऱ्यांवर ते तपासलं गेलं. पळाल्यावरचं आवळणं कमी झालंही. पण श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाची सर त्याला नाही, आणि धडधाकट पोरीचा बीपी उतरला तर ग्राउंडवरच चक्कर यायची. "आजोबांची गोळी आजोबांनाच राहू दे," मी म्हणालो.

मग पीक फ्लो मीटर काढला; जोरात फुंकलं की श्वास किती वेगानं बाहेर पडतो ते तो मिनिटाला लिटरमध्ये दाखवतो. पळण्याआधी ३८०. आवारात सात मिनिटं जोरात पळवलं. थांबल्याबरोबर ३७०. पाच मिनिटांनी ३१०, दहा मिनिटांनी २६०. खांदे वर ओढून, बाकाची कड घट्ट धरून ती बसली होती. स्टेथोस्कोपशिवायही शिट्टी ऐकू येत होती. पळताना तोंडानं ओढलेली थंड, कोरडी हवा श्वासनलिकेचं आतलं अस्तर सुकवते, तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राईन ही रसायनं सोडतात आणि स्नायू आवळतात. हे व्हायला काही मिनिटं जातात, म्हणून खरा त्रास थांबल्यावर.

स्पेसर, म्हणजे फवारा नीट आत जावा म्हणून पंपाला लावायची नळी, लावून पंपाचे चार फवारे दिले. पंधरा मिनिटांनी काटा ३७५वर. ती त्या काट्याकडंच बघत होती. "म्हंजे मी नाटक करत नव्हते ना, सर?"

"नाही बाळा."

तेव्हा ती रडली. भाऊ कागदावर आकडे उतरवत राहिला.

आठवड्यानं परत बोलावलं. पळण्याच्या पंधरा मिनिटं आधी पंप, मग हळूहळू अंग गरम करणं, तोंडावर स्कार्फ. दहाव्या मिनिटाला ३६०. तिनं मीटर परत मागितला, अजून एकदा फुंकून बघायचं होतं.