वाडीची आखणी करण्याआधी एक पावसाळा पाहावा

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडे आत, डोंगराच्या उतारावर आमची वाडी आहे. जुने घर तसेच ठेवून त्याच्या आजूबाजूला नवा गोठा, गवत ठेवण्याची जागा, आंब्याची खोली, अवजारांची पडवी आणि गोबरगॅसची टाकी बांधायचे आम्ही कुटुंबाने ठरवले, तेव्हा भेटणारा प्रत्येक जण आधी खर्च विचारत असे आणि मग चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, किती लागेल ते विचारत असे. कोकणात हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत, असे माझे ठाम मत आहे. पहिला प्रश्न पाण्याचा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या एका छपरावरून एका पावसाळ्यात सुमारे तीन लाख लिटर पाणी खाली येते. हे पाणी कोणत्या बाजूला पडणार, तिथून कुठे जाणार आणि वाटेत कशाला भिडणार, हे ठरल्याशिवाय जोत्याची दोरी मारण्यात अर्थ नाही.

एप्रिलमध्ये जमीन पाहून केलेली आखणी म्हणूनच अपुरी राहते. कोरड्या दिवसांत सगळा उतार सारखाच दिसतो. जुलैमध्ये, दोन-तीन दिवस झड लागलेली असताना छत्री घेऊन वाडीत फिरले, म्हणजे वरच्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माथ्यावरून, येणारे पाणी कोणत्या वाटेने उतरते, कुठे साचते आणि कुठे जमिनीतूनच पाझरून वर येते, ते कळते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे सुरुवातीचा पाऊस तो झपाट्याने पिऊन टाकतो. पण एकदा तो भरला की जिथे खाली चिकणमातीचा थर असतो तिथे पाणी बाहेर पडते. अशा जागी गोठा बांधला, तर जमीन कितीही फरसबंद केली तरी गुरे चार महिने ओलीतच उभी राहणार. आम्ही पावसाळ्यात खुंट्या मारून पाण्याच्या वाटा खुणावल्या, आणि दिवाळीनंतर कागदावर पहिली रेघ त्या वाटांची काढली. इमारती त्या रेघांच्या मधल्या जागेत बसवल्या.

यानंतर वाऱ्याचा विचार आला, आणि तिथेच खरी अडचण उभी राहिली. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. उन्हाळ्याच्या दुपारी खारा वारा बहुधा वायव्येकडून सुटतो. म्हणजे या दोन्ही ऋतूंत वास आणि माश्या घरापासून दूर ठेवायच्या असतील, तर गोठा घराच्या पूर्वेला हवा. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे मतलई वारा पूर्वेकडून वाहतो, पण तो मंद असतो आणि त्या वेळी खिडक्या लावलेल्या असतात, त्यामुळे त्याचा त्रास फारसा नसतो. वारा इतके स्पष्ट सांगतो. परंतु आमच्या भागातल्या बहुतेक वाड्यांप्रमाणे आमचाही उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे आहे. पूर्वेला गोठा म्हणजे घराच्या आणि विहिरीच्या डोक्यावर गोठा, आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर शेणाचे व मुताचे पाणी परसदारी. वारा आणि पाणी असे एकमेकांविरुद्ध उभे राहिले की पाण्याचे ऐकावे, असे मला वाटते, कारण वास दिवसातून काही तास येतो, पण विहीर बिघडली तर ती वर्षानुवर्षे बिघडलेली राहू शकते. विहीर नैर्ऋत्येला, उताराच्या खालच्या अंगाला आहे. म्हणून गोठा आम्ही घराच्या उत्तरेला, जवळपास त्याच पातळीवर, जरासा पूर्वेकडे सरकवून घेतला. त्याच्या वरच्या बाजूने खोल चर काढला आणि गोठ्यातले पाणी वायव्येच्या माडांकडे वळवले. उन्हाळ्यात वायव्येचा वारा सुटला की थोडा वास परसदारावरून जातो. तेवढे आम्ही जाणून-बुजून स्वीकारले आहे.

विहिरीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. शेणखताचा खड्डा, शौचालयाचा शोषखड्डा आणि गोबरगॅसची टाकी यांपासून विहीर किमान १५ मीटर दूर असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. जांभ्याच्या जमिनीत मी तो अपुरा मानतो. मातीतून पाणी गाळून जाते, पण जांभ्यात भेगा आणि नळीसारखी छिद्रे असतात आणि त्यांतून घाण पाणी न गाळता सरळ लांबवर जाऊ शकते. म्हणून अंतराइतकेच महत्त्व पातळीला द्यावे. विहीर वरच्या अंगाला आणि खत खालच्या अंगाला हा क्रम जमत असेल तर कधीही सोडू नये. तो जमत नसेल, आमच्याकडे जमत नव्हता, तर खताचा खड्डा विहिरीकडच्या उतारातून पूर्णपणे बाहेर काढावा, त्यावर छप्पर घालावे आणि विहिरीचा कठडा चांगला उंच बांधून भोवती फरसबंदी करावी.

इमारतींमधल्या अंतराचा विचार पायांच्या हिशेबाने करावा. गोठा घरापासून ४० मीटरवर असेल आणि दूध, शेण, वैरण, पाणी मिळून दिवसाला चार फेऱ्या होत असतील, तर जाऊन-येऊन ३२० मीटर होतात. वर्षाला ते अंतर ११५ किलोमीटरांच्या वर जाते. आमच्याकडे हे चालणे मुख्यतः आईच्या आणि काकूच्या वाट्याचे आहे, आणि त्यातले चार महिने डोक्यावर इरले किंवा छत्री आणि पायांखाली चिखल असतो. त्यामुळे गोठा दूर नेण्याचा सल्ला मला पटला नाही. तो जवळ ठेवून वाट चांगली करणे अधिक शहाणपणाचे. घराच्या मागच्या दारापासून गोठ्यापर्यंत आम्ही जमिनीपेक्षा उंच अशी चिऱ्यांची पाखाडी घातली आणि तिच्यावर पत्र्याची अरुंद पडवी ओढली. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण पावसाळ्यात आढळतात, आणि उंदरांच्या किंवा गुरांच्या मुताने दूषित झालेल्या चिखलात पायाला जखम असताना वावरणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. उंच कोरडी वाट ही म्हणून निव्वळ सोय नाही.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, त्यामुळे दुपारचे तिरपे ऊन आत कमी येते आणि पावसाळी वाऱ्याला अरुंद बाजू सामोरी जाते. पश्चिमेची भिंत आढ्यापर्यंत पूर्ण चिऱ्याची आहे. दक्षिण आणि उत्तर बाजूंना कमरेइतकी भिंत आणि वर मोकळी हवा. पावसाळ्यात दक्षिणेच्या बाजूला झावळ्यांची झापे बांधली की झड अडते. गाईला सुमारे ३.५ चौरस मीटर छपराखालची आणि ७ चौरस मीटर मोकळी जागा लागते, या हिशेबाने सहा गुरांसाठी २१ चौरस मीटरचा गोठा आणि त्याच्या दुप्पट मोकळे आवार धरले. आमच्या गाई कोकण कपिला जातीच्या, चणीने लहान, त्यामुळे ही जागा त्यांना ऐसपैस होते. जमिनीला ४० फुटांना एक फूट असा ढाळ दिला आहे आणि ती घोटून गुळगुळीत केलेली नाही, कारण ओल्या गुळगुळीत सिमेंटवर गाई घसरतात.

छपराबाबत मी बराच काळ कौलांच्या बाजूचा होतो, कारण खाऱ्या हवेत पत्रा आणि त्याचे खिळे लवकर गंजतात आणि पत्र्याखाली उकाडाही फार होतो. पण वानरांच्या टोळ्या एका दुपारीत कौले इतकी विस्कटतात की पावसाळ्याआधी दरवर्षी ती परतावी लागतात. शेवटी घरावर कौले ठेवली आणि गोठ्यावर पत्रा घेतला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडच्या दक्षिण भागात आणि दापोली-मंडणगड तालुक्यांत असंख्य पत्रे उडाले आणि माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेले. त्यामुळे पत्रे खिळ्यांऐवजी आकड्याच्या बोल्टांनी लोखंडी वाशांना बांधले आणि वाशे खांबांना जखडले. कोणतीही नवी भिंत माडापासून सहा मीटरच्या आत घेतली नाही, कारण वादळ नसतानाही सुकी झावळी आणि नारळ पत्र्याचे आणि माणसाचे पुरेसे नुकसान करतात.

गवत गोठ्याच्या माळ्यावर ठेवण्याची पद्धत सोयीची आहे, पण वर गवत, खाली गुरे आणि मधून विजेची वायर ही रचना मला भीतीदायक वाटते. अर्धवट ओले गवत दडपून रचले तर ते आतून तापते आणि कधी आपोआप पेटही घेते. वर्षाचे गवत आम्ही गोठ्याच्या पूर्वेला स्वतंत्र छपराखाली, जमिनीपासून उंच माचावर ठेवतो. गोठ्यात केवळ चार-पाच दिवसांची वैरण असते.

खळ्यासाठी घराच्या दक्षिणेची जागा आधीच मोकळी राखली होती आणि तिथे एकही झाड लावू दिले नाही. दिवाळीनंतर भात झोडायला आणि वाळवायला तीच जागा लागते, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेला झाड असेल तर ऐन वाळवणीच्या वेळी सावली पडते. एप्रिल-मे महिन्यांत त्याच खळ्यावर आमसुले, आंबापोळी, फणसपोळी आणि सुपारी असते. म्हणून खळे स्वयंपाकघरातून दिसले पाहिजे. वळवाची सर आली की वाळवण उचलायला धावणाऱ्याला आधी आभाळ दिसायला हवे.

आंब्याची खोली रस्त्याच्या बाजूला, उत्तर-दक्षिण वारा खेळेल अशी बांधली. तिच्यापुढे टेम्पो वळण्यासाठी ४० फुटांचा चौक सोडला, कारण पेट्या भरलेला टेम्पो अरुंद पाणंदीतून मागे घेणे हा रोजचा वैताग होतो.

गोबरगॅसची टाकी गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये येते. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. गाईमागे १० किलो शेण धरले तर पाच गुरे पुरतात, आमच्या लहान चणीच्या गाईंमुळे सहा धरली. टाकीतून बाहेर पडणारी मळी उताराने आपोआप माडांच्या आळ्यांकडे जाते, त्यामुळे ती उचलून न्यावी लागत नाही. अवजारांच्या पडवीची जागा मात्र अजून ठरलेली नाही. पॉवर टिलर घेतला तर ती चौकाजवळ लागेल, आणि नाही घेतला तर गोठ्याला लागून पुरेल. हा निर्णय होईपर्यंत दोन्ही जागा मोकळ्या ठेवल्या आहेत आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या वाटा या पावसाळ्यात पुन्हा एकदा पाहणार आहोत.