बुगडीचं भोक

आमच्या घरात गेले आठ महिने एका कानाला कुणी हात लावायचा नाही. कान लेकीचा, डावा. टोचलेली जागा पाळीवर नाही, वरच्या कडेला, कूर्चा, म्हणजे मऊ हाड, असते तिथं. ती त्याला हेलिक्स म्हणते. माझी आई म्हणते, "बुगडीचं भोक की गे ते!" आजी आणि नातीची तिथंच युती झाली. विरोधी पक्षात मी एकटी.

विरोध कसला, भीतीच. माझ्या कानांचा पूर्वेतिहास बरा नाही. सुरुवात तशी चांगली झाली होती. बाराव्या दिवशी बेळगावातल्या शहापूरचे सोनार घरी आले, सोन्याची तार पाळीतून ओवली, तीच वाकवून बाळी केली. मी रडले, आणि मला मांडीवर घेतलेला मामा माझ्याहून जास्त रडला, असं आई सांगते. पुढं कॉलेजात असताना खडेबाजारातल्या गाडीवरून वीस रुपयांचे झुमके घेतले. दोन दिवस मिरवले. तिसऱ्या दिवशी पाळी खाजायला लागली, मग पाणी सुटलं, सकाळी उशीला चिकटायला लागली. मी आपली 'फिरव, नाहीतर चिकटेल' ह्या घरगुती ज्ञानावर दर तासाला झुमका गोल फिरवत बसले.

कातडीच्या डॉक्टरांनी कान बघितला आणि भलतंच विचारलं, "जीन्सच्या बटणाखाली खाज येते?" येत होती. दोन वर्षं मी त्याचं बिल साबणाच्या पावडरीवर फाडत होते. दोन्हीकडचा गुन्हेगार एकच, निकेल. स्वस्तातल्या दागिन्याचं पाणी उडालं की खालून ते वर येतं, आणि घामात उतरतं. एकदा का अंगानं निकेलशी वैर धरलं की ते सहसा जन्मभर सुटत नाही. सर्जिकल स्टील म्हणून जे कौतुकानं विकतात, त्यातही निकेल असतं, फक्त घट्ट बांधलेलं. बहुतेकांना चालतं ते. पांढऱ्या सोन्यातही कधीकधी असतं, हे मला एका अंगठीनं शिकवलं, पण ते जाऊदे.

त्यामुळं लेकीनं विषय काढला तेव्हा मी एकच अट घातली, पिस्तुलानं टोचायचं नाही. ते खटकन टोचणारं पिस्तूल मऊ पाळीला एकवेळ चालेल, कूर्चा त्यानं चेचली जाते. शिवाय प्लास्टिकचं असल्यामुळं ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालून निर्जंतुक करता येत नाही. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिथं चिघळलं तर औषधसुद्धा पोचायला उशीर करतं आणि कानाचा आकारच बिघडू शकतो. तिथली लाली, ठणका, सूज घरी बघत बसायची नाही, सरळ डॉक्टरकडं जायचं. म्हणून पुण्याला मावशीकडं गेल्यावर लेकीनं रीतसर, पाकिटातून समोर फोडलेल्या पोकळ सुईनं टोचून घेतलं. आत टायटॅनियमची दांडी, शरीरात बसवायला वापरतात त्या दर्जाची. दांडी चांगली लांब होती. मला वाटलं माप चुकलं. पण सुजेला जागा लागते, सूज उतरल्यावर आखूड घालायची असते.

ती परत आली ती ऐन पावसात. बेळगावचा पाऊस, स्कूटी, आणि आतून कधीच न वाळणारं हेल्मेट! शत्रू किती असतात ते तेव्हा कळलं. कंगवा, रेनकोटची टोपी, टॉवेलचा निघालेला दोरा. टॉवेलचा दोरा सगळ्यांत वाईट. एकदा अडकला तेव्हा तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो आजीलाही माहीत होता. झोपताना प्रवासातली गोल उशी, कान बरोबर मधल्या खड्ड्यात.

आई हळद-खोबरेलाची वाटी घेऊन आलीच. "आमच्यात कडुलिंबाची काडी घालत होते, काय झालं आम्हाला?" काही झालं नाही, खरं आहे. ज्यांना झालं, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, एवढंच. लेकीचं औषध त्या मानानं अगदीच कंगाल, ०.९ टक्के मिठाचं पाणी. मेडिकलमधली सलाईनची बाटली आणायची, दिवसातून दोनदा शिंपडायचं, खपली मऊ होऊन आपोआप निघेल तेवढीच काढायची, टिपून कोरडं करायचं. बस्स. आणि फिरवायचं नाही! तिथं माझं पंचवीस वर्षांचं ज्ञान कामातून गेलं. कॅसलरॉकच्या पुढं घाटात रेल्वेचे बोगदे आहेत ना, तसलं हे काम. बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आत नेतात, भोकातली नवी कातडीही तशीच दोन्ही कडांनी आत वाढत जाते. बाहेरून सगळं छान दिसतं, मधे अजून कच्चं. फिरवलं की ते कच्चं खरवडतं. पाळीचं सहा-आठ आठवड्यांत जुळतं, कूर्चेचं सहा महिने ते वर्ष.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघी शहापूरला गेलो. एकेकाळी सांगली संस्थानातलं हे शहापूर, आमचं सोनं अजून तिथलंच. माझे कान टोचणारे सोनार आता नाहीत, मुलगा बसतो. लेकीला बारीक सोन्याची बाळी हवी होती. त्यानं ठेवली समोर. मी चष्मा सरसावून ९१६ चा शिक्का शोधायला लागले. बावीस कॅरट म्हणजे शंभरात ९१.६ सोनं, उरलेलं तांबं-चांदी, एवढं मलाही कळतं. शिक्का नव्हताच.

"दोन ग्रॅमच्या आतल्याला सक्ती नाही, ताई," तो म्हणाला. "ही पाऊण ग्रॅमसुद्धा नाही."

म्हणजे उघड्या जखमेत जाणारा जो दागिना, त्यालाच शिक्क्यातून सूट. सोनारानंच कान टोचावेत ही म्हण मी इतकी वर्षं हाताच्या सफाईबद्दलची समजत होते. कुणास ठाऊक, तारेत काय मिसळलंय हे फक्त त्यालाच माहीत, म्हणूनही असेल. त्यानं बाळीचं टोक कानशीनं घासलं, स्वतःच्या ओठावरून फिरवून बघितलं, परत घासलं. मग स्पिरिट.

शेजारी एक बाई तान्ह्या पोरीला घेऊन बसली होती. सोनाराचा भाऊ कानडीत "नोव आगंगिल्ल, नोव आगंगिल्ल", दुखणार नाही, दुखणार नाही, म्हणत होता, पोरीला नाही, तिच्या आईला. आमच्यात "आई गं" निघतं, तिथं "अव्वा" निघालं.

एवढ्यात माझ्या आईनं पदर मागं सारला आणि कानाची वरची कड दिव्याखाली धरली. तिथं तिळाएवढी खाच आहे. तिच्या लग्नातल्या बुगड्या मोडून पुढं माझ्या पाटल्या झाल्या, तेव्हापासून ते भोक रिकामंच.

"हे उघडेल काय रे?"

त्यानं भिंग लावून बघितलं. "वरून दिसतंय आज्जी, आतून बुजलंय. नव्यानं टोचावं लागेल."

"मग टोच की."

लेक खूश. मी काही बोलणार, तोच त्यानं हातातली तार खाली ठेवली.

"शुगर आहे काय, आज्जी?"

"मी चहात घेतच नाही," आई म्हणाली.